पहिलीतल्या मुलाला रंग कोण देणार?

पहिलीतल्या एका मुलीने कागदाच्या वरच्या कडेला निळी पट्टी ओढली, खालच्या कडेला तपकिरी, आणि मधल्या पांढऱ्या जागेत घर, आजी आणि शेळी काढली. शेळी आजीपेक्षा मोठी होती. बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आकाश खालपर्यंत भर गं, मधे पांढरं सोडू नको." मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. "बाई, आकाश वर असतंय की. इथं खाली कुठाय?" बाईंनी तिच्या हातातली निळी कांडी घेतली आणि आकाश स्वतःच खालपर्यंत भरून दिलं. शेळीचे कान निळ्यात बुडाले. मुलीने त्या कागदाला पुन्हा हात लावला नाही.

मी तेव्हा वर्गाच्या दारात उभा होतो. माध्यमिक शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोन दिवस एका प्राथमिक शाळेत जायला लागलो होतो. बाईंना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, आणि त्यातून मिळालेला एखादा तास. लहान मुलाचं चित्र कसं वाढत जातं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मलाही नव्हतं. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करताना आम्ही स्थिरचित्र शिकलो, अक्षरलेखन शिकलो, यथार्थदर्शन शिकलो. सहा वर्षांच्या मुलाच्या कागदावर आकाश वरच का राहतं, याबद्दल एकही व्याख्यान ऐकल्याचं आठवत नाही.

ती पट्टी चूक नव्हती. मूल साधारण दोन वर्षांचं झालं की रेघोट्या ओढू लागतं. आधी हात नुसता फिरतो, मग गोल बंद होतो, मग त्या गोलाला एक दिवस डोळे फुटतात. चौथ्या वर्षाच्या आसपास डोक्यालाच थेट पाय फुटलेला माणूस येतो, त्याला पोट नसतं. पुढे पाच ते सातच्या दरम्यान कागदाला जमीन मिळते. सगळ्या वस्तू एका रेषेवर उभ्या राहतात आणि आकाश वर पट्टीत जातं. या वयाची मुलं दिसतं तसं काढत नाहीत, माहीत आहे तसं काढतात. म्हणून घराच्या भिंतीतून आतला पंखा दिसतो, गाभण गाईच्या पोटातलं वासरू दिसतं आणि जी जवळची ती मोठी होते. त्या मुलीची शेळी आजीपेक्षा मोठी होती, कारण त्या आठवड्यात शेळी व्यायली होती. हे मला तिनेच सांगितलं, मी विचारल्यावर. हा क्रम जगभरच्या अभ्यासकांनी शंभर वर्षांहून अधिक काळ टिपून ठेवला आहे. गुरुजींना एका दुपारच्या प्रशिक्षणात तो समजावून देता येईल.

आता आपली व्यवस्था काय करते ते पाहा. पहिलीपासून वेळापत्रकात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण ही तीन नावं आहेत, प्रगतिपुस्तकात त्यांची श्रेणीही असते. पण शिकवायला माणूस कोण? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे, शाळेत किमान किती शिक्षक हवेत ते त्यात लिहिलं आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असं ते सांगतं. पहिली ते पाचवीसाठी अशी ओळच नाही, तिथे फक्त पटावरून शिक्षकसंख्या ठरते. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि ते दोघे सगळं शिकवणार. सहा वर्षांखालची मुलं, म्हणजे अंगणवाडी आणि बालवाडी, या कायद्याने दिलेल्या हक्कातच येत नाहीत. मुलाचा हात सगळ्यांत मोकळा असतो त्या तिसऱ्या ते आठव्या वर्षांत चित्रकलेसाठी तयार झालेला एकही माणूस त्याच्या वाट्याला येत नाही.

माणूस भेटतो तो नंतर, जेव्हा हात आखडलेला असतो. आणि तो येतो परीक्षा घेऊन. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, माझं अर्धं आयुष्य त्यांच्या तयारीत गेलं. खेड्यातल्या कित्येक मुलांना चित्रकलेत काही करता येतं हे त्या परीक्षांमुळेच कळलं. पण इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून शाळेच्या नजरेत चित्रकला म्हणजे ते गुण, असं समीकरण झालं. स्मरणचित्र हा तर आठवणीतून काढायचा विषय, आणि मुलं त्यासाठी तयार आकृत्या घोकून येतात. पाणी भरणारी बाई, फुगेवाला, बसथांब्यावरची रांग. सगळ्यांचा फुगेवाला एकाच बाजूला बघतो, कारण तो एकाच पुस्तकातून उचललेला असतो. चौदा वर्षांच्या मुलाला मी सांगायचो, "तुझ्या गल्लीतला आठवून काढ." तो माझ्याकडे बघत राहायचा. आठवून काढायचं असतं ही सवयच त्याला कुणी लावली नव्हती. ती लागायची होती पहिलीत.

पहिलीत त्याला मिळाला होता देखावा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर झोपडी, एक वाकडं नारळाचं झाड आणि आकाशात टिकमार्कसारखे चार पक्षी. महाराष्ट्रात कुठेही जा, हा देखावा तसाच भेटतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी, ऑफ तासाला प्राथमिकच्या वर्गावर पाठवलं तेव्हा मीही फळ्यावर हेच दोन त्रिकोण काढून दिले होते. शाळा दुष्काळी भागातली. एका मुलाने नदीऐवजी टँकर काढला आणि त्याच्या मागे हंड्यांची रांग. मी त्याला म्हणालो, "छान आहे, पण नदी काढ." त्याने खोडून नदी काढली. इतक्या वर्षांनीही ते वाक्य मला सलतं. त्या वर्गात एकट्या त्या मुलाने स्वतः पाहिलेली गोष्ट काढली होती, आणि मी ती पुसायला लावली.

रंगांचंही असंच होतं. बालवाडीच्या भिंतीवर तक्ता असतो, लाल म्हणजे सफरचंद, पिवळं केळं, हिरवं पान, निळं आकाश. मुलं सुरात म्हणतात, आणि रंग शिकवून झाले असं मानलं जातं. मग छापील चित्र येतं. रेघेच्या आत भरायचं, बाहेर गेलं तर चूक, पान हिरवंच. यात मूल बोटांवर ताबा मिळवतं, हे खरं. पण रंगाबद्दल काहीच शिकत नाही, कारण त्याला एकदाही बघावं लागत नाही.

एकदा चैत्रात मी दुसरीच्या मुलांना सांगितलं, अंगणात जा, प्रत्येकाने एक पान आणा, दुसऱ्याच्या पानासारखं नको. पिंपळाची नवी पालवी आली तांबूस, आंब्याची कोवळी पानं तपकिरी-जांभळट, करंजाचं चकचकीत पोपटी, कडुनिंबाचं पिवळं पडलेलं, जुनं वडाचं काळपट. ती सगळी फरशीवर एका ओळीत मांडायची, सगळ्यांत पिवळ्यापासून सगळ्यांत काळ्या हिरव्यापर्यंत. पाऊण तास भांडणं चालली, हे आधी की ते आधी. "पान हिरवं असतं" हे वाक्य त्या वर्गात पुन्हा कुणी म्हणालं नाही. खर्च शून्य. रंगाचा यापेक्षा चांगला धडा मला तीस वर्षांत जमला नाही.

या ओळीतल्या छटांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की मुलांकडे शब्दच नाहीत. लाइट ग्रीन, डार्क ग्रीन, संपलं. आणि त्यांच्या आज्यांकडे लुगड्यांच्या निमित्ताने केवढा साठा आहे! पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, अबोली, डाळिंबी, आमसुली, वांगी, अंजिरी, विटकरी, मोतिया, गव्हाळ, राखी, कुसुंबी. यातलं जवळजवळ प्रत्येक नाव एखाद्या वस्तूला हात लावून आलेलं आहे. शिवाय मराठी रंगाचा जोरही सांगते आणि मनःस्थितीही. लालभडक, पिवळाधमक, निळाशार, काळाकुट्ट. शेत हिरवंगार असतं. भ्यालेला चेहरा पांढराफटक पडतो, पण दुधाला कुणी पांढराफटक म्हणत नाही. पहिलीच्या वर्गात आजीला बोलावून तिच्या ट्रंकेतली चार लुगडी उलगडायला लावली तर भाषेचा आणि रंगाचा तास एकत्र होतो. ही सूचना मी दोन शाळांना केली. एका शाळेने ती लगेच अमलात आणली, आणि मुलं आठवडाभर एकमेकांच्या दप्तरांचे रंग "आमसुली, आमसुली" करत होती.

आता एका कांडीबद्दल. खडूच्या पेटीत एक फिकट गुलाबी-पिवळसर कांडी असते, तिला मुलं "स्किन कलर" म्हणतात. तिसरीच्या वर्गात "माझी आई" हा विषय दिला होता. सगळ्या पेट्यांमध्ये मिळून तशा कांड्या चारच निघाल्या, आणि अख्खा वर्ग "सर, अंगाचा रंग द्या" म्हणत त्यांची वाट पाहत बसला. मागणारे सगळे हात तपकिरी होते, काळे होते, गव्हाळ होते. त्यातल्या एकाही आईचा रंग त्या कांडीचा नव्हता. अमेरिकेत क्रायोला कंपनीच्या पेटीतल्या अशाच खडूचं नाव अंगाच्या रंगावरून होतं. ते १९६२ मध्ये बदलून कंपनीने तिथे पीच या फळाचं नाव दिलं. आपल्याकडे छापलेलं नाव काहीही असो, वर्गात तिला दुसरं नावच नाही. गोरेपणाचा धडा पुस्तकात कुठे लिहिलेला नसतो, तो अशा कांडीतून मिळतो. सावळ्या विठोबाला साष्टांग घालणाऱ्या समाजात एक मूल आपल्या आईला परक्या रंगाने रंगवतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, याचा मला राग येतो.

पुढच्या आठवड्यात मी खडू बंद ठेवले. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा पावडर रंग वाट्यांतून दिला आणि सांगितलं, आपापल्या मनगटाचा रंग बनवायचा, हातावर ठिपका ठेवून जुळतो का बघायचं. पिवळ्यात लाल, मग निळ्याचा थेंब, तो जास्त झाला, मग पुन्हा पिवळा. तासाच्या शेवटी भिंतीवर अडतीस ठिपके लागले आणि मुलांनी त्यांना नावं दिली. गुळाचा, चहाचा, नाचणीच्या भाकरीचा, ओल्या मातीचा, खारकेचा. कुणाचा काळा आणि कुणाचा गोरा, हा शब्दसुद्धा निघाला नाही.

रंग मिसळण्याबद्दल इथे थोडं थांबतो, कारण शाळेत एक अर्धवट गोष्ट सांगितली जाते. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, त्यातून सगळे रंग बनतात, असं मुलं पाठ करतात. मग लाल आणि निळा मिसळून जांभळा करायला जातात आणि मळकट चॉकलेटी मिळतो. त्यांना वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं नसतं. छापखान्यात मूळ रंग म्हणून आकाशीच्या जवळचा निळा, राणीसारखा गुलाबी आणि पिवळा वापरतात. मोबाइलच्या पडद्यावर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून सगळं बनतं. लहान मुलाला हे सिद्धान्त सांगायची गरज नाही. लालऐवजी राणी रंग देऊन बघ, एवढं म्हटलं तरी जांभळा खुलतो, आणि पाठ केलेलं वाक्य करून बघितल्यावर वेगळं निघू शकतं हे त्याला कळतं.

साहित्य नाही ही तक्रार मी सगळीकडे ऐकतो. रंगांच्या पेट्या महाग आहेत हे खरं आहे. पण गेरू आहे, चुना आहे, कोळसा आहे, नीळ आहे, पाठकोरे कागद प्रत्येक कार्यालयात पडलेले आहेत. फाल्गुनात पळसाची फुलं भिजवली तर केशरी पाणी मिळतं, रंगपंचमीला हेच वापरत. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते तांबडं होतं, जुनं कुंकू याच गुणावर बनायचं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं-गुलाबी होतं. मुलांचे चेहरे तेव्हा बघावेत. तिथे विज्ञान आणि चित्रकला वेगळे तास राहत नाहीत. एक गोष्ट मात्र विकतच घ्यावी लागते, जाड ब्रश. सहा वर्षांच्या मुठीत शून्य नंबरचा बारीक ब्रश देणं म्हणजे त्याला चिडवणं आहे.

एक मुद्दा कुणीच बोलत नाही म्हणून सांगतो. झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवणारा एखादा मुलगा जवळपास प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. त्याला लक्ष नसल्याबद्दल बोलणी बसतात. त्याला लाल-हिरव्यातला फरक दिसतच नसेल, असं मनात येत नाही. हे रंगआंधळेपण जन्मजात असतं, मुलग्याला आईकडून येतं आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतं. ठिपक्यांतून आकडा ओळखण्याची इशिहारा चाचणी १९१७ पासून जगभर वापरात आहे आणि ती करायला काही मिनिटं लागतात. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, वजन-उंची घेतं, तेव्हाच ही चाचणी व्हायला हवी. नाहीतर पुढे रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या वैद्यकीय तपासणीत वयाच्या विसाव्या वर्षी त्याला पहिल्यांदा कळतं.

हे सगळं परदेशातून आणावं लागेल असंही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघांसह ते काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांच्या अंगणातच शाळा नेली, म्हणून ती अंगणवाडी. शंख-शिंपले, बिया, पानं, माती हीच तिथली साधनं. ज्या डहाणू तालुक्यात हे चाललं होतं, तिथल्याच बायका लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे याच तालुक्यातले, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये आले आणि गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत अनेक वर्षं मुलांबरोबर चित्रं आणि मातीकाम करत राहिले. चित्रकलेसाठी तयार झालेला माणूस लहान मुलांना द्यायचा, हा निर्णय महाराष्ट्राच्या मातीत तेव्हाच झाला होता. आपण अंगणवाडी हे नाव राज्यभर नेलं. बिया आणि पानं मात्र कोसबाडलाच राहिली, अंगणवाडीत छापील तक्ते आले.

यावर आज मिळणारं उत्तर मला माहीत आहे. २०२१ पासून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि गणित करता आलं पाहिजे, आधी ते होऊ द्या. वाचन आलंच पाहिजे, यात मला तिळभर शंका नाही. पण चित्र काढलं की गणिताचे गुण वाढतात, असलं काही मी इथे म्हणणार नाही. चित्रकलेला दुसऱ्या विषयाची मोलकरीण करून तिची वकिली करणं मला पटत नाही. एवढंच सांगतो की मूल लिहायच्या आधी रेघ ओढतं. शेळी आजीपेक्षा मोठी का, हे त्या मुलीने मला सात-आठ सलग वाक्यांत सांगितलं होतं, आणि भाषेच्या तासाला ती तोंड उघडत नाही अशी बाईंची तक्रार होती. चित्राचा तास काढून वाचनाला दिला तर या मुलीच्या बाबतीत वाचनाचंही नुकसान होतं.

दुसरी हरकत कलाप्रेमी लोकांकडून येते. मुलांना मोकळं सोडा, शिकवूच नका. हेही मला मान्य नाही. वाटीत कोणते चार रंग ठेवायचे, काळा आज द्यायचा की नाही, कागद केवढा, कोणता प्रश्न विचारायचा आणि कधी गप्प बसायचं, हे सगळं शिक्षकालाच ठरवायचं असतं. "हे काय काढलंस?" असं विचारलं की मूल एका शब्दात उत्तर देतं. "मला याबद्दल सांग" म्हटलं की बसकण मारून सांगू लागतं. हा फरक शिकावा लागतो.

म्हणून मागणी नेमकी करतो. प्रत्येक दोन शिक्षकी शाळेला कलाशिक्षक मिळणार नाही, हे मीही जाणतो. पण आपल्याकडे केंद्रशाळेची रचना आहे, एका केंद्राखाली जवळपासच्या शाळा येतात. प्रत्येक केंद्राला एक कलाशिक्षक द्या, पहिली ते चौथी आणि त्या गावांच्या अंगणवाड्या एवढंच त्याचं काम. पंधरवड्यातून एकदा तो प्रत्येक शाळेत जाईल, मुलांबरोबर आणि बाईंबरोबर बसेल. ए.टी.डी. करून घरी बसलेली, पाट्या रंगवून पोट भरणारी किती तरुण मुलं माझ्याच विद्यार्थ्यांत आहेत. ए.टी.डी.च्या आणि डी.एल.एड.च्या (पूर्वीच्या डी.एड.च्या) अभ्यासक्रमात बालचित्रांवर खरा वेळ द्या. शाळेच्या अनुदानात पावडर रंग आणि जाड ब्रश अशी वेगळी ओळ ठेवा. आणि दुसरीपर्यंतच्या मुलांच्या चित्रकला स्पर्धा बंद करा, कारण त्या आता पालकांच्याच होतात.

त्या मुलीचं बुडालेलं चित्र मी मागून घेतलं. पुढच्या खेपेला तिला नवा कागद दिला आणि बाईंना म्हटलं, आपण दोघांनी आज नुसतं बसून बघू. तिने पुन्हा वर निळी पट्टी ओढली. खाली शेळी काढली, आणि या वेळी तिच्या पायांशी दोन करडं. एक काळं, एक बदामी. बाईंनी विचारलं, "बदामी कुणासारखं गं?" आणि ती सांगू लागली.